एकतीस नंबरची डावी बाजू

क्लेमेंट युर्को गेला तेव्हा चर्चमध्ये बसायला जागा उरली नव्हती, आणि आलेल्यांत निम्मे तरी दातांचे डॉक्टर होते. कोणी ओहायोहून गाडी हाकत आलेला, कोणी दवाखाना बंद ठेवून आलेली. जो तो माझा हात हातात घेऊन तेच सांगत होता, की युर्को नसता तर आम्हाला सुई कुठे टोचायची ते कळलं नसतं. मी मान डोलावत होते. ते खरंच होतं.

पण मला क्लेमबद्दल लिहायचं तर एका बरणीबद्दल आणि एका कागदाबद्दल लिहावं लागतं. बरणी कॉलेजच्या तळघरात त्याच्याकडे होती, कागद माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर. कागदावर एका माणसाने एक प्रश्न लिहून ठेवला होता आणि बरणीत त्याचं उत्तर होतं. एकोणीस वर्षं दोन्ही एकाच इमारतीत राहिली, आणि ज्या बाईला ते उत्तर कळायला हवं होतं ती चार मैलांवर राहत होती. यात क्लेमची चूक होती. माझी त्याहून मोठी होती, म्हणून हे मीच लिहायला हवं.

क्लेम मुळात काच कापणारा. नदीकाठच्या कारखान्यात दगडी चाकावर काचेची भांडी धरून त्यांवर फुलं-पानं कोरायची, हे त्याचं काम. आमच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या निम्म्या घरांत लग्नात आलेला एखादा तरी वाडगा त्याच्या हातचा असेल. एकाहत्तर साली कारखान्याला टाळं लागलं आणि तेहतिसाव्या वर्षी क्लेम आमच्या डेंटल कॉलेजात फरशी पुसायला लागला. शरीररचनेचे प्राध्यापक होते डॉक्टर हॅस्केल. त्यांच्या वर्गात एक दिवस पोरं जबड्याजवळची एक बारीक नस मोकळी करत होती आणि ती तुटतच होती. क्लेम बादली घेऊन मागे उभा. त्याला राहवलं नाही. म्हणाला, "अरे, तुम्ही खरवडताय. हे सोलायचं काम आहे."

हॅस्केल सर चिडके होते. त्यांनी चिमटा पुढे केला आणि म्हणाले, "मग तूच सोलून दाखव." तीन दुपारी क्लेमने त्या टेबलावर वाकून काढल्या. चौथ्या दिवशी दोऱ्यापेक्षा बारीक नस अख्खी मोकळी होऊन पडली होती. त्यानंतर सरांनी त्याच्या हाती फरशीचं फडकं लागू दिलं नाही. विद्यार्थ्यांनी बघावं म्हणून देहाचा एकेक भाग उघडून तयार ठेवायचा, हे काम क्लेमला मिळालं आणि पुढे चौतीस वर्षं त्याने तेच केलं.

त्याची हत्यारं बघून नवीन पोरं हसायची. आईची क्रोशाची सुई, घासून पातळ केलेले चहाचे चमचे, आइस्क्रीमच्या काड्या. सुरी तो क्वचित हाती धरायचा. सुरी घाईवाल्यांसाठी, म्हणायचा. रविवारी तो चर्चमध्ये गायचा, पूर्व युरोपातून आलेल्या आमच्या रूसिन लोकांच्या चर्चमध्ये पेटी-बाजा नसतो, एक माणूस सुरुवात करतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. लग्न त्याने केलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "लोरेटा, दिवसभर फॉर्मॅलिनचा वास येणाऱ्या माणसाला कोण जवळ करणार?" आणि स्वतःच हसला. मला ते तेवढं हसण्यासारखं वाटलं नाही, पण तो विषय वेगळा.

चेहऱ्याचा आतला भाग, गालामागचा, हा त्याचा खास. पहिल्या दिवशी तो विद्यार्थ्यांना स्वतःच्या गालावर हात ठेवायला लावायचा. "हाड लागलं? ते दार. चेहरा चेहरा म्हणून लोक ज्याचं कौतुक करतात ते सगळं दाराच्या बाहेर. आपल्याला घरात जायचंय." मग जबड्याच्या हाडाचा मागचा तुकडा खिडकीसारखा कापून काढलेला नमुना पुढे ठेवायचा. आत जबडा हलवणारे दोन जाड स्नायू, त्यांच्यामधून वळणं घेत जाणारी रक्तवाहिनी, आणि सगळ्यांत आत, कवटीच्या तळाला असलेल्या एका लांबट भोकातून खाली उतरणारी जाड नस. तिला पुढे फाटे फुटतात. एक फाटा जिभेला जातो, एक खालच्या दातांना. दात काढायच्या आधी डॉक्टर जी सुई टोचतो ती या दातांच्या फाट्यासाठी, आणि टोचतो ती न बघता, केवळ अंदाजाने. या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, हेही तो बजावून सांगायचा. अक्कलदाढेतला पू या खोलीतून त्या खोलीत, तिथून गळ्यात आणि गळ्यातून छातीत उतरतो आणि धडधाकट माणूस चार दिवसांत जातो. "म्हणून गालाच्या सुजेला गालाची सूज म्हणायचं नाही," असं म्हणून तो सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायचा.

मी चौऱ्याऐंशी साली देहदानाच्या कचेरीत लागले. आमच्याकडे एक नियम फार कडक होता. नावं वर, नंबर खाली. माणूस गेला, देह आला, की त्याच्या मनगटाला नंबराचा बिल्ला बांधायचा आणि नाव माझ्या कपाटात कुलपात जायचं. खालच्यांनी नाव विचारायचं नाही, वरच्यांनी खाली काय दिसलं ते विचारायचं नाही. कोणाला आपल्याच शेजाऱ्याचं पोट फाडायला लागू नये म्हणून केलेला शहाणा नियम. मी तो इतका पाळला, की एकवीस वर्षांत तळघराचा जिना एकदाही उतरले नाही. मला त्याचा अभिमान होता. बिल्ल्यावर लाल ठिपका असला तर त्याचा अर्थ, दोन वर्षांनी या माणसाचं सगळं, काही मागे न ठेवता, दहन करून घरच्यांना परत द्यायचं.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात वासिल साबोल नावाचा शाळेची बस चालवणारा माणूस गेला. त्याला एकतीस नंबर मिळाला. लाल ठिपका. अर्जासोबत त्याच्या हातची एक चिठ्ठी होती. ती मी वाचली आणि फाइलीत लावली. अशा चिठ्ठ्या खूप येतात. कोणी लिहितं माझ्या गुडघ्यांना जपा, कोणी लिहितं विद्यार्थ्यांना माझा नमस्कार. चिठ्ठीवर नाव असतं आणि नावं वर राहतात. खाली ती पाठवायचा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही.

खाली क्लेमने एकतीस नंबरचा चेहरा उघडायला घेतला. त्याच्या आधी लक्षात आलं ते दातांचं. उजवीकडचे दात चांगले, घट्ट. डावीकडे खाली एकही नाही. एकेक करून काढलेले, वेगवेगळ्या वर्षी, हाड बघून त्याला ते कळत होतं. मग दार काढून तो आत गेला आणि कवटीच्या तळाशी त्याला थांबावं लागलं. त्या लांबट भोकाच्या खाली साधारणपणे एक पातळ बंध असतो. या माणसात त्या बंधाचं हाड झालं होतं. रुंद, टणक, पुलासारखं आडवं. आणि वरून येणाऱ्या नसेचे फाटे त्याच्या खाली चेपून फितीसारखे चपटे झाले होते.

असा पूल क्लेमने पुस्तकात पाहिला होता, हाताखाली कधी आला नव्हता. सात आठवडे तो त्या अर्ध्या डोक्यावर काम करत होता. हॅस्केल सरांनी बघितलं आणि म्हणाले, हे काम पुन्हा कोणाकडून व्हायचं नाही. दोन वर्षांनी दहनाची वेळ आली तेव्हा क्लेमने तो लाल ठिपका पाहिला, आणि बिल्ला काढून डावी बाजू बरणीत ठेवून दिली. राखेत कोणाला काय कळणार आहे, असं त्याने मनाशी म्हटलं. हे त्याने मला पुढे स्वतः सांगितलं, एकही शब्द न लपवता. वर माझ्यासमोर कागद आला, 'सर्व अवशेष परत', आणि मी सही केली. त्या दिवशी अशा बारा सह्या केल्या असतील.

राख न्यायला त्याची बायको आली. थेल्मा साबोल. तारीख आठवत नाही, वार पक्का आठवतो. ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार होता. उपासाला मांस चालत नाही म्हणून चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचे होते आणि पिरोगीची, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांची, पाळी माझी होती. चार वाजता निघायचं म्हणून माझा कोट अंगावर होता. बाईने डबा घेतला, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"त्यांनी डावी बाजू बघितली का?" तिने विचारलं.

मी तिला नियम सांगितला. इथे विद्यार्थी शिकतात, तपासणी होत नाही, घरच्यांना काही अहवाल दिला जात नाही.

"म्हणजे काही निघालं नाही," ती म्हणाली.

मी म्हणाले, "तसं काही कळवत नाही आम्ही." आणि घड्याळाकडे बघितलं.

विचारायचं नाही असा नियम होता, हे खरं. पण खाली जाऊन क्लेमला 'एकतीसमध्ये डावीकडे काही दिसलं का रे' एवढं विचारायला तर माझी जीभ झडली नसती. फार तर हॅस्केल सर ओरडले असते. मी गेले नाही, कारण पिरोगीचं पीठ फ्रीजबाहेर होतं. इतकं साधं कारण आहे. यापेक्षा काही मोठं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढची सतरा वर्षं ती बरणी आमच्या कॉलेजचं भूषण होती. विद्यार्थ्यांनी तिला नावच दिलं, युर्कोचा पूल. दर वर्षी क्लेम ती बरणी उजेडात धरायचा आणि सांगायचा, या माणसाचे सगळे दात कोणीतरी काढत गेलं. दोष दातांत नव्हताच. भूलही नीट चढत नसणार, म्हणजे तेही दुखलं असणार. तुमच्या खुर्चीत बसलेला माणूस दुखतंय म्हणाला आणि तुम्हाला काही दिसलं नाही, तर तो खोटं बोलतोय असं म्हणायच्या आधी हा पूल आठवा. पोरं वहीत चित्र काढून घ्यायची. अंत्यविधीला आलेल्यांपैकी एकीने मला पाकिटातून तिचं चित्र काढून दाखवलं, घड्या पडून फाटायला आलेलं.

दोन हजार पाच साली क्लेम निवृत्त व्हायचा होता. त्याच वर्षी वरिष्ठांकडून हुकूम आला की तळघरातल्या प्रत्येक बरणीचा नंबर आणि संमतीचा कागद जुळवा. जिचा जुळत नाही तिचं दहन करा. क्लेमची यादी वर आली. एका बरणीपुढे काहीच नव्हतं. मी फोन केला. तो म्हणाला, "शहाऐंशीचा एकतीस. ठिपका लाल होता, लोरेटा. मी ठेवून घेतली."

मी फाइल काढली. माझीच सही बघितली. मग ती चिठ्ठी वाचली, आणि ती वाचत असताना मला कोट घालून घड्याळाकडे बघणारी मी दिसले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी जिना उतरून खाली गेले.

क्लेमने बरणी टेबलावर काढून ठेवली होती. मला वाटलं होतं मला बघवणार नाही. पण काम इतकं निगुतीने केलेलं, की बघतच राहिले. त्याने काडीने पूल दाखवला, नसा दाखवल्या. मग मी त्याला चिठ्ठी वाचून दाखवली.

"माझी डावी बाजू बघा. कानाच्या पुढे, आत. तीस वर्षं दुखतंय. दात काढले, उपयोग नाही. डॉक्टर म्हणतात काही नाही, घरी म्हणतात नाटक करतो. मेल्यावर तरी कोणी उघडून बघेल म्हणून देतोय. काही निघालं तर माझ्या बायकोला सांगा. नाही निघालं तरी सांगा. वासिल साबोल."

क्लेम स्टुलावर बसला.

"एवढ्या पोरांना सांगत बसलो मी," तो म्हणाला. "हिला सोडून."

"तुला नाव माहीत नव्हतं."

"विचारलं कुठे मी? दात बघितले होते. माणूस आयुष्यभर बोंबलला असणार हे मला हाडावरून कळलं होतं. त्याचं बोलणं ऐकणारं घरी कोणी असेल, एवढं डोक्यात यायला नको?"

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. आमच्या बाबतीत गावाला वळसा घालायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत.

हॅस्केल सर तोवर गेले होते. विभागाच्या नव्या संचालकांना आम्ही सगळं सांगितलं. भला माणूस, पण वकिलाशी बोलून आला होता. दहन करायचं, डबी पोस्टाने पाठवायची, सोबत एक पत्र, की मोजदादीत काही अवशेष आढळले, दिलगीर आहोत. बाकी चकार शब्द काढायचा नाही. बरणी कोणी ठेवली, का ठेवली, आत काय दिसलं, काही नाही. क्लेमला त्यांनी बाजूला घेऊन समजावलं की महिन्याभरात तुझा निरोप समारंभ आहे, हॉलला तुझं नाव द्यायचं चाललंय, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस.

क्लेम शांतपणे म्हणाला की पोस्टाने काही जाणार नाही. पत्रात खरं लिहायचं नसेल तर तो स्वतः जाऊन सांगेल. दहनाच्या दिवशी पूर्ण वेळ तो तिथे उभा राहिला. आधी मी विचारलं होतं, निदान एक फोटो तरी काढून ठेवायचा का, पुढच्या पोरांसाठी. तो म्हणाला, "आत्तापर्यंत काय कमी घेतलं त्याचं?"

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. गाडी त्याची, डबी माझ्या मांडीवर. वाटेत त्याने मला एक सांगून ठेवलं. पूल असलेल्या सगळ्यांना दुखतं असं नाही. कित्येक जण असा पूल घेऊन सुखाने जगतात आणि मरतात. पण इतक्या चपट्या झालेल्या नसा त्याने दुसऱ्या कोणात बघितल्या नव्हत्या. "जेवढं मला दिसलं तेवढंच सांगणार, वर एक अक्षर नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, तिला तुझा वर्ग नकोय, एवढं ध्यानात ठेव.

थेल्मा साबोल सत्त्याऐंशीची झाली होती. मला तिने ओळखलं नाही. ओळखण्यासारखं मी काही केलंच नव्हतं. स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, अक्रोडाचा रोल कापून पुढे ठेवला आणि गुडघ्यांना शिव्या घालत समोर बसली. "कॉलेजवाले इतक्या वर्षांनी? काय, तो परत हवाय तुम्हाला?"

क्लेमने डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आधी चोरी. त्यासाठी त्याने दुसरा शब्द वापरला नाही. मग स्वतःच्या गालावर बोट ठेवून, कानाच्या पुढे, आत काय होतं ते. वर्ग घेतला नाही. नस दबलेली होती, म्हणाला, दातांत काही नव्हतं. याच्यामुळेच दुखत होतं असं शपथेवर सांगता येणार नाही, पण दुखत नसतं तर मला आश्चर्य वाटलं असतं.

मी मग माझा शुक्रवार सांगितला. मला वाटलं ती ओरडेल. ती टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत होती.

"डॉक्टर मला म्हणाले होते, लाड करू नका," ती म्हणाली. "जेवढं लक्ष द्याल तेवढं दुखेल. म्हणून मी त्याचं जेवण कुस्करून द्यायचं बंद केलं. सगळे खातात ते खा म्हटलं. हालुश्की ताटात तशीच ठेवून उठायचा. बसमध्ये वारा लागतो म्हणून गालाला मफलर बांधायचा, मे महिन्यात. पोरं हसायची त्याला. घरी आल्यावर मीही हसायचे."

क्लेम काहीतरी बोलायला गेला, तिने हात वर केला.

"किती पोरांना दाखवलंस तू ते?"

"वर्षाला साठ-सत्तर."

"सतरा वर्षं." ती मनातल्या मनात मोजत राहिली. "म्हणजे हजारावर माणसांना माहीत होतं की वासिलला दुखतंय. आणि मी, पाय चालत होते तोवर, दर ईस्टरला टेकडीवर त्याच्या थडग्यापाशी जाऊन त्याला सांगत आले. बघितलं रे त्यांनी उघडून, काही नव्हतं. उगाच आम्हाला सगळ्यांना त्रास दिलास."

क्षमा मागायचं मी घोकून आले होते. मी ती मागितली नाही. क्लेमने मागितली. थेल्माने ऐकून घेतली, पण केली असं काही म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं असं मला आजही वाटत नाही. तिने कोट मागितला.

"गाडी आहे ना? चला वर."

दफनभूमी चर्चमागच्या टेकडीवर. अर्ध्या चढापर्यंत गाडी जाते, पुढे पायवाट. डबीला माती फादर शनिवारी देणार, असं तिने वाटेतच ठरवून टाकलं होतं. आज नुसतं त्याला सांगायचं होतं. गाडी थांबली, तिने दार उघडलं, एक पाय खाली टेकवला आणि तशीच बसून राहिली. गुडघ्यांनी साथ दिली नाही. क्लेमने हात पुढे केला, धरून नेतो म्हणाला. उचलूनच नेतो म्हणाला.

"नको. दोन वर्षं झाली मला वर जाऊन." तिने पाय आत घेतला. "तू जा. तूच बघितलंयस ना? तू सांग त्याला. तिसऱ्या रांगेत, कोपऱ्याला."

क्लेम सदुसष्टचा, कमरेने अधू. हळूहळू चढून गेला. काचेतून आम्हाला तो दिसत होता. टोपी काढून उभा राहिला. चर्चमध्ये भरदार गाणारा माणूस, पण तिथे काय बोलला ते आमच्यापर्यंत आलं नाही. पुढे त्याने मला सांगितलं. साबोल, तुमचं दुखणं खरं होतं, मी बघितलंय. एवढंच म्हणाला. इतकी वर्षं ज्या माणसाला नंबराने ओळखलं त्याचं नाव दगडावर वाचून त्याला पुढे काही सुचेना.

तो खाली आला. गाडीत बसला. किल्ली लावली.

"सांगितलंस?" थेल्माने मागून विचारलं.

"सांगितलं."

"मी पाठवलंय म्हणून सांगितलंस?"

क्लेमने आरशात तिच्याकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला. "ते राहिलं."

डबी तिच्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली. क्लेमने किल्ली काढली, दार उघडलं आणि पुन्हा चढायला लागला. या वेळी मीही उतरले आणि त्याच्याबरोबर वर गेले.